मांडवातली वर्दी
वर्दीतला जवान लग्नाच्या मांडवात गुलाबपाणी शिंपडताना तुम्ही कधी पाहिलाय? बूटपॉलिशचा वास आला की मला देवपूरचा तो मांडव आठवतो. माझा सोनगीरचा मित्र कॉलेज सांभाळून प्रादेशिक सेनेत जायचा, म्हणून त्याची फी सरकार भरणार होतं. पण फीच्या अर्जावर सही करणाऱ्या बड्या बाबूने त्याला आपल्या मुलीच्या लग्नात वर्दीवर बोलावलं. मला तेव्हाच संशय आला. "फीचा नि गुलाबपाण्याचा काय संबंध?" मांडवात त्याच्या हाती गुलाबदाणी पाहून मी विचारलं. "चूप ऱ्हाय भो, फी नही भराई ते परीक्षा जाई," तो पुटपुटला. अक्षता पडल्यावर बाबू हसत म्हणाला, "करू की सही. पुढच्या महिन्यात धाकटीचंही लग्न आहे." आजही मदत म्हटली की मी आधी सही कुणाची, ते विचारतो. तुम्हाला असा जवान दिसला, तर त्याच्या हातातली गुलाबदाणी काढून घ्या आणि त्याला कुणी बोलावलं, ते भर मांडवात विचारा.