प्रभूपुढे घातलेलं गाऱ्हाणं

त्या दिवसांत देवाचं आणि माझं अजिबात पटत नव्हतं. चूक दाखवली की नम्रपणे मान्य करावी, हे मी प्रार्थनेला येणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षं सांगत आले. माझी पाळी आली तेव्हा मात्र प्रभूने मला काडीची सूट दिली नाही. तेही अशा जागी गाठलं, की उठून जायची सोय नव्हती.

मी रत्नागिरीत शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाले तरी लाल पेन जिभेवर राहिलंच. दर बुधवारी दुपारी आमच्या घरी चर्चच्या मंडळीतल्या सात-आठ बायका प्रार्थनेला जमतात. त्यांत पारूताई नव्याने येऊ लागली. ती हातखंब्याच्या पलीकडच्या गावातली, शहरात जेवणाचे डबे पोचवणारी, अलीकडेच येशूच्या विश्वासात आलेली. पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना करायला उभी राहिली आणि तिने चक्क गाऱ्हाणं घातलं! गावच्या देवळात गुरव घालतो तसं. "बा येशू म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्याम्होरं बसलीत, त्यांची इडापिडा टाळ..." आणि थांबली. कोकणात गाऱ्हाणं थांबलं की ऐकणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं. आमच्या दोन म्हाताऱ्या ठसक्यात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"

माझं डोकंच फिरलं. "पारूताई, इथं आमेन म्हणतात. आधी नीट शिकून घे, मग मोठ्याने कर," मी सगळ्यांदेखत सुनावलं. पुढच्या बुधवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. "जाऊन भेट तिला," आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, चूक तिची आणि पायपीट माझी?

महिन्याभरात एका सकाळी यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात यांना आत नेलं आणि मी बाहेर बाकावर प्रार्थनेला बसले. 'हे परमकृपाळू, सर्वसमर्थ पित्या...' पुढे सुचेना. इतकी वर्षं घोटलेली वाक्यं, पण ऐन वेळी एक कामी येईल तर शपथ! पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकले. मला रडू यायचं सोडून रागच आला, स्वतःचा आणि देवाचाही.

तेवढ्यात कुणा रुग्णाचा डबा घेऊन पारूताई समोरून आली. मला बघून थबकली. "काय झाला, बाई?" मी सांगितलं आणि म्हटलं, "यांच्यासाठी प्रार्थना कर गं."

ती खाली बघत म्हणाली, "मी आता करत न्हाय, बाई. घरात पन न्हाय. चुकला म्हंजे देव रागवल ना."

यांचा जीव टांगणीला लागलेला, आणि देवाने माझे कान उपटायला नेमकी हीच वेळ साधली! आत्ताच का, असं मी मनातल्या मनात त्याच्यावर खेकसले सुद्धा. पण खरं ते खरंच होतं. एक बाई देवाशी मोकळेपणाने बोलत होती, ती माझ्यामुळे गप्प झाली होती. माझा तापट स्वभाव मी त्याच्या नावावर खपवला होता.

"रागावले ती मी, देव नव्हे," मी म्हणाले. "माझं चुकलं. तुला येतं तसंच कर."

तिने पिशवी खाली ठेवली, माझा हात धरला. "बा येशू म्हाराजा, ह्या बाईंचा कुंकू राख..." कुंकू शब्दावर एरवी मी तिला अडवलं असतं. ती थांबली. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. उत्तर मलाच द्यायचं होतं, आणि मी ते रडत रडत दिलं.

हे बरे होऊन घरी आले. कशामुळे, यावर मी वाद घालत नाही. पण सुनावलं होतं चारचौघींत आणि माफी मागितली कोपऱ्यात, ही लबाडी प्रभूने चालू दिली नाही. पुढच्या बुधवारी पारूताईला बोलावून मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. वाटलं, आता बायका गहिवरतील. पारूताई उठली आणि म्हणाली, "बा म्हाराजा, बाईंना बरी बुद्धी दिलीस, आता त्यांच्या जिभंला पन जरा लगाम दे." इतक्या जोरात हुंकार आमच्या घरात कधी उठला नव्हता.

मला राग आलाच. पण माझ्या इतक्या वर्षांच्या शुद्ध प्रार्थनांत हे मागणं एकदाही नव्हतं. प्रभू, ते मागायला तू तिला परत आणलंस, तुझे आभार.