फिल्टरचं वाया जाणारं पाणी

मंडळी, सकाळी निघालो होतो देवणीचा बैलबाजार बघायला, पोचलो लातूरच्या एका कॉलेजात. माझा दोस्त नितीन तिथल्या पर्यावरण मंडळाचा अध्यक्ष. म्हणला, "नुसता काय फिरतोस, चल पाईप जोडू लाग."

होस्टेलच्या मेसमध्ये पाण्याचा फिल्टर हाय. त्यातून वाया जाणारं पाणी झाडांना सोडायचं होतं. पोरांनी लावलेली कडुलिंबाची रोपं दुष्काळात वाळायला लागलीत. पाईप मीच घट्ट बसवला. लई टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मेसमध्ये भाकरी करणाऱ्या सुमनकाकू दोन घागरी घेऊन आल्या. हेच पाणी त्या रोज घरी न्यायच्या, धुण्याभांड्याला. आम्हाला कुणालाच माहीत न्हवतं.

"काकू, आधी सांगायचं ना," नितीन म्हणला.

"इचारलं कुणी रे लेकरा? आमच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिस येत न्हाई."

"पण झाडं मरतील की."

"व्हय, पाजा झाडाला. आमी काय, माणसं हाव, मागून आणू कुठून तरी."

रिकाम्या घागरी घेऊन त्या गेल्या.

नितीन म्हणतो, झाडं सगळ्यांची असतात. पण काकूंच्या घरी आज भांडी तशीच पडली असतील. उद्या तो पाईप काढायला गेलो, तर माझ्यासोबत कोण येईल?