माइक बंद करणाऱ्या सरांना दुसरं कडवं पाठ कसं?

मंडळी, दुपारपासून एक शंका डोक्यातून जाईना.

जिंतूरला कॉलेजात असताना आमी तिघांनी एक पॉवर पॉप गाणं केलं होतं. गिटार दणदणीत, चाल मात्र लय गोड. गॅदरिंगला पहिलं कडवं झालं अन् मोरे सरांनी "लय गोंगाट व्हायलाय" म्हणून माइकची वायरच काढली. पोरं हसली. त्यानंतर आमी ते कधी वाजवलं नाही.

आज बसस्टँडवर तेच सर भेटले. "काय रे, ते गाणं अजून म्हणतो का?"

मला वाटलं, खेचायलेत. म्हणलं, "विसरलो सर."

तर सर बाकड्यावर बोटं वाजवत दुसरं कडवं म्हणायला लागले. एक शब्द चुकला नाही. शेवटी तोंडानं कुकरची शिट्टीसुद्धा काढली.

ती शिट्टी फक्त रेकॉर्डिंगमध्ये हाय. गॅदरिंगच्या आधी, आमच्या तिघांतल्या संतोषच्या स्वयंपाकघरात मोबाईलवर गाणं रेकॉर्ड करताना मधेच घुसलेली. ते रेकॉर्डिंग आमच्या तिघांशिवाय कोणाकडंच नव्हतं.

सरांकडं ते कसं गेलं, हे विचारायला संतोषला फोन लावला. "मला काय म्हाइत," म्हणून त्यानं पटकन ठेवला.

म्हणजे सर एवढी वर्षं ते ऐकायलेत. मग तुमीच सांगा, त्या दिवशी वायर का काढली असंल?