चौथा दगड

आमच्या घरात दगडांचे फोटो पेटीभर आहेत. आईचा एकही नाही.

आज अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची पुण्यतिथी. सकाळपासून भाचेकंपनीचे फोन चाललेत. "मावशी, अण्णांचे ते मॅक्रो फोटो टाक ना फेसबुकवर. काय ब्युटी आहे!"

डोंबलाची ब्युटी.

फोटो नाही टाकत. त्यामागचं काय ते टाकते. वाचायचं तर वाचा.

पन्नासच्या दशकातली बारामती. बाजारात अण्णांचा छोटासा फोटो स्टुडिओ होता. लग्नाची जोडपी, बारशाची बाळं, कुस्ती मारून आलेले पैलवान, सगळे अण्णांकडंच. पार इंदापूरहून लोक यष्टीनं यायचे. अण्णांना त्याचा तोराही होता हं, खोटं कशाला बोलू.

नव्या पोरांना माहीत नसेल, म्हणून सांगते. तिघांनी मिळून काही करू नये म्हणायचे. तीन तिघाडा, काम बिघाडा. नाइलाजच असला तर बरोबर एक दगड घ्यायचा. तो चौथा.

फोटोला तर हे हटकून पाळायचे. तिघांचा फोटो काढला की मधला जातो म्हणे.

एकदा कळस गावचे तिघं भाऊ आले. नवे पटके, कडक इस्तरीचे सदरे. थोरले शंकरराव येताना रानातला दगड घेऊन आले होते, धोतराच्या सोग्यात बांधून. मधला भाऊ भानुदास. त्याच्या पायाशी त्यांनी तो नीट मांडला.

"अण्णा, ह्यो बी दिसला पायजे बरं का."

"दिसंल की!" अण्णा म्हणाले.

पण अण्णांच्या डोळ्यात तो दगड खुपत राहिला. तीन देखणे गडी, आणि खाली हा ओबडधोबड धोंडा. "सगळी फ्रेम नासली," आईपाशी कुरकुरले. आणि प्रिंट काढल्यावर खालची पट्टी सरळ कापून टाकली.

त्याच साली ऊस खुरपताना भानुदासला साप चावला. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

सुतक फिटल्यावर शंकरराव दुकानात आले. मी तिथंच पाटीवर गिरवत बसले होते. आरडाओरडा नाही, शिवी नाही. फोटो टेबलावर ठेवला आणि विचारलं,

"अण्णा, चौथा कुठं हाय?"

अण्णांनी फोटो हातात घेतला.

"आमी चौघं बसलो व्हतो की वो."

अण्णांनी धडपडत निगेटिव्हची काच काढली, उजेडात धरली. "हाय, शंकरराव! हितं हाय बघा!"

शंकररावांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. फोटो तिथंच टाकून गेले.

रात्री आई चिडली. "अवो, सापाला काय फोटो दिसतोय व्हय? येड्यावाणी काय करताय?"

"सापाचं न्हाय गं," अण्णा म्हणाले. "त्यांनी मला सांगितलं व्हतं. म्या व्हय म्हनलो, आन् कापलं."

बाजारात चार दिवस बोभाटा झाला. मग लोक विसरले, परत यायला लागले.

अण्णाच विसरले नाहीत.

आल्या गिऱ्हाईकाला म्हणायचे, मशीन बिघडलंय. पुढं शाळेत ड्रॉईंग मास्तर म्हणून लागले आणि स्टुडिओला कुलूप घातलं.

मशीन कुठलं बिघडतंय! त्याच कॅमेऱ्यानं दगडांचे फोटो सुरू झाले. पहिला त्या कळसच्या दगडाचा, तो स्टुडिओतच पडून होता. कॅमेऱ्याचा काळा भाता ओढता येईल तितका ओढायचा, भिंग दगडाला टेकतंय की काय इतकं जवळ न्यायचं. लासुर्ण्याला, कळंबला कुठं विहिरीला सुरुंग लागला असं कळलं, की हे सायकल काढून हजर. काळ्या दगडाच्या पोटात पांढऱ्या गारेच्या सुया असायच्या, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. त्या फोटोत पानभर दिसायच्या.

सुंदर आहेत हो. मी कुठं नाही म्हणते?

आई म्हणायची, "जित्या मानसाकडं बघवत न्हाय, आन् धोंड्याला भिंग लावून बसलाय बाबा."

आईचा फोटो आधी का नाही काढला? दिव्याखाली अंधार. घरचं माणूस, कधीही काढू म्हणून राहिला.

मग आई आजारी पडली. खंगत गेली. एक दिवस स्वतःच म्हणाली, "माझा एक काढा. पोरीला ऱ्हाईल."

अण्णा हो म्हणाले.

आईनं निळं लुगडं नेसलं. अंगणात ऊन बघून खुर्ची मांडली. अण्णा कॅमेऱ्यामागं काळ्या कापडाखाली गेले.

बराच वेळ झाला. बाहेर येईनात. कापडाखाली त्यांचे खांदे हलत होते, मला दिसत होतं.

बाहेर आले आणि म्हणाले, "काचा संपल्यात."

फळीवर काचांचा नवा कोरा खोका होता. आईला माहीत होतं, मलाही.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. आत गेली, लुगडं बदललं आणि भाकरी थापायला बसली.

दिवाळीच्या आधी ती गेली.

अण्णा मात्र म्हातारे झाले. पुण्यात त्यांच्या दगडांचं एक्झिबिशन झालं, हार घातले, भाषणं झाली. मी मागच्या खुर्चीत बसून धुमसत होते. एका माणसाला दिलेला शब्द मोडला म्हणून आयुष्यभर जळलात, आणि आईला दिलेला?

हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

शेवटच्या आजारात मी उशाशी होते. शुद्ध होती चांगली. मध्येच म्हणाले,

"तुझ्या आईच्या गालावर गोंदणाचा ठिपका व्हता बघ. डावीकडं का उजवीकडं गं?"

कुठल्या दगडाला कुठं भोक आहे हे पाठ असलेला माणूस!

"डावीकडं," मी पटकन म्हणाले.

"व्हय व्हय, डावीकडं," म्हणाले, आणि शांत झोपले.

मलाही आठवत नाही हो.

अण्णा, राग अजून आहे. तरी मनापासून नमस्कार.

आईलाही.