बिनढाळाचा कोबा

माझ्या मायचे दोन्ही पाय एका तापात गेले. त्यानंतर ती हातांवर जोर देत, बसल्या बसल्या सरकत असे. आमच्या जुन्या घराची जमीन खाचखळग्यांची, आणि चुलीच्या वाटेत एक पायरी. तिनं चुलीकडे जाणंच सोडलं. सगळं घर ज्या बाईच्या हातावर चालत होतं, ती भिंतीला टेकून आम्हा पोरींना नुसतं बघत बसली. ते बघणं मला सोसत नसे. बाबांनी नवं घर बांधायला काढलं.

लढाईचे दिवस होते, सिमेंट डोळ्यांनी पाहायला मिळत नव्हतं. जमिनीला चुन्याचा कोबा करायचं ठरलं आणि गोंदियाहून मिस्त्री आणला. रेल्वेच्या कामांवर वावरलेला माणूस. त्याच्या थैलीत पितळी ओळंबा होता आणि काच बसवलेली लाकडी पाणसळ होती. काचेतला बुडबुडा दोन रेघांच्या मधे थांबला, की जागा सपाट. बाबांनी ओळंबा लोंबता धरून लगेच पसंत केला. पाणसळ त्यांनी फळीवर ठेवून पाहिली, मग तिथेच तिची टोकं उलटी फिरवून ठेवली. बुडबुडा रेघेच्या बाहेर गेला.

"फळी तेच, जागा तेच. मंग हा काऊन पळून राहिला?"

मिस्त्री हसला. "एक बार गिर गई थी, दादा. थोड़ा फर्क चलता है."

"नाई चालत," बाबा म्हणाले. "पानी घे. पान्याले पडून कायबी होत नाई."

जन्म धानाच्या बांध्यांत गेलेला माणूस. रोवणीआधी बांधीत पाणी सोडायचं आणि माती जिथे वर डोकावेल तिथून ओढून खोलगट जागी टाकायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. तेच त्यांनी घरात केलं. जोत्याच्या कडेनं चिखलाची पाळ घातली, बोडीतलं, शेताच्या लहान तळ्यातलं, पाणी आणून आत भरलं आणि ते निवांत झाल्यावर भिंतींवर पाण्याच्या काठाशी चुन्याच्या खुणा केल्या. मिस्त्रीनं खुणा मानल्या. पण तेवढ्यावर तो गप्प बसला नाही.

"अब दरवाज़े की तरफ ढाल दो, दादा. नहीं तो धोने का पानी यहीं बैठेगा."

बरोबरच होतं त्याचं. बांधीत पाणी थांबवतात ते धानासाठी. घरात काय रोवायचं होतं? मीही बाबांना तसं म्हटलं.

"ढाल देल्ला तं जातानी सोपं, येतानी चढ," ते म्हणाले. "हातानं चढन का तुही माय?"

कोबा खुणांबरहुकूम सपाट झाला.

नव्या घरात माय दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून देवापर्यंत एकटी सरकत गेली. मी भाजी ढवळत होते. "सरक तू, मी करतो," म्हणाली आणि पळी माझ्या हातातून घेतली. मी मागच्या दारी जाऊन पोटभर रडले. इतका आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही.

जमीन धुतली की पाणी मात्र जागचं हलत नसे. "मालक, अवंदा घरातबी रोवणी हाय का?" म्हणून लोक चिडवायचे. जेवलेलं ताटही कधी न उचलणारे बाबा फडकं घेऊन खाली बसत आणि सगळं घर पुसून काढत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

माय त्या घरात काही वर्षं सुखानं वावरली आणि तिथेच गेली. दिवसपाणी आटोपल्यावर आम्ही सगळी जमीन धुतली. पाणी नेहमीसारखं थांबलं. मी फडकं आणून बाबांपुढे ठेवलं, तर त्यांनी ते बाजूला सारलं.

"मिस्त्रीले बलाव. आता ढाल द्या लागन."

"राहू द्या ना, बाबा. मी पुसत जाईन."

"आता कोनाले चढून परत या लागते?" ते म्हणाले.

मिस्त्री आला, कोबा फुटला, नवा झाला. तो वाळल्यावर मी पहिल्यांदा जमीन धुतली, तेव्हा पाणी सरळ दारातून अंगणात गेलं. बाबा सवयीनं फडकं घेऊन खाली बसले होते. पुसायला काही उरलं नव्हतं.