ब्रोक सर

खिसा रिकामा असल्याचं इतक्या रुबाबात सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "आय ॲम ब्रोक!" असं म्हणतच सर वर्गात शिरायचे, जणू आत्ताच निवडून आलेत. लातूरच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे ब्रोक सरच म्हणत.

तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं त्यांचा एक खेळ चाले. एकानं कडकीचा इंग्रजी शब्द टाकायचा, दुसऱ्यानं वेगळ्या शब्दानं उत्तर द्यायचं. ब्रोकला स्किंट, स्किंटला हार्ड अप. अडकला तो हरला. मी कधीच हरलो नाही. एकदा मी विचारलं, "सर, पुस्तकात तर नुसतं पुअर आहे." सर निलंग्याकडचे. म्हणाले, "पुअर म्हनलं की लोक कीव करत्यात बाबा. ब्रोक म्हनलं की हसत्यात. आपल्याला हसलेलं परवडतंय."

सर तासिका तत्त्वावर होते. जेवढे तास तेवढं मानधन, तेही आठ-आठ महिन्यांनी. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणजे मास्तरला पोटही नाही! अशी पंधरा वर्षं गेली. कायम होण्याचं विचारलं की "हुतंय की" म्हणायचे. चहाचे पैसे काढायची वेळ आली की "स्किंट!" म्हणून हात वर करायचे आणि पगारदार मंडळी खो खो हसायची. आग लागो त्या हसण्याला.

मी नांदेडला इंग्रजीचाच मास्तर झालो, कायमही झालो. एका मे महिन्यात सरांचा फोन आला.

"हार्ड अप हाय बघ. लई हार्ड अप."

मी खूश! इतक्या वर्षांनी जुना खेळ. ताडकन म्हणालो, "स्ट्रॅप्ड फॉर कॅश, सर!"

सर हसले. "शाब्बास. जिंकलास तू," म्हणाले आणि फोन ठेवला.

जूनमध्ये सर गेल्याचं कळलं. साखर वाढली होती. सरांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, आहे तेवढं इन्शुलिन पुरवायचं म्हणून महिनाभर ते एक दिवसाआड घेत होते.

"सरांनी मला एक फोन तरी करायचा होता," मी बोलून गेलो. अक्कल गहाण ठेवली होती मी.

काकू म्हणाल्या,

"तुलाच तर केला होता. दुसऱ्या कुनाला न्हाई केला. फोन ठेवला अन् मला म्हनले, पोरगं लई हुशार निघालं."