देवाच्या नावावर घेतलेला हॉल

अगं, ह्या बाकावर जवळ बस जरा, आणि तो मोबाईल पालथा घाल. इथे चर्चच्या फाटकात "येते हं मावशी" म्हणतेस आणि वर्षभर घरी फिरकत नाहीस, ही काय रीत झाली? ऐक. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — ना पाळकसाहेबांना, ना ह्यांना. आणि हे तर आता गेलेसुद्धा.

रविवारच्या शब्बाथशाळेत पोरांना राजांच्या गोष्टी सांगण्यात माझं आयुष्य गेलं. शौल राजाची तर हातवारे करून सांगायचे. देवानं बजावलं होतं, शत्रूचं काही ठेवू नकोस. ह्यानं चांगली चांगली मेंढरं ठेवून घेतली. शमुवेल संदेष्ट्यानं विचारलं तर म्हणे, देवाला यज्ञ करायला आणलीत. पोरं हसायची. मीही हसायचे — मला कसं हसू यायचं गं?

आमची परळची चाळ पाडून टॉवर झाला. जुन्या चाळीत दर शुक्रवारी घरगुती प्रार्थना असायची, आम्ही कॉटेज मीटिंग म्हणतो. कधी माझ्या खोलीत, कधी शेजारच्या मार्थाबाईच्या. मावायचो कुठे? अर्धी माणसं गॅलरीत, पेटीवाला उंबऱ्यात.

टॉवरमधल्या घरांसाठी चिठ्ठ्या काढल्या. मार्थाबाईला कॉर्नरचं घर लागलं. मोठा हॉल, दोन बाजूंनी वारा, लांबवर शिवडीची खाडी. मला समोरचं — खिडकी उघडली की डक्ट. दुसऱ्यांच्या बाथरूमचे पाइप बघत चहा प्यायचा. मला ते कॉर्नरचं घर हवं झालं. किती, काय सांगू? मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून झाले होते माझे.

बरं, हवं होतं तर तसं म्हणावं ना. अहाब राजा एवढा वाईट, पण त्यानंसुद्धा नाबोथाला सरळ सांगितलं — तुझा मळा दे, मला भाजी लावायची आहे. मी काय केलं? करारावर सह्या व्हायच्या होत्या, अदलाबदल चालणार होती. मी मार्थाबाईचा हात धरला आणि म्हटलं, "तुझं घर मला दे, मी मीटिंगला हॉल देते. देवाच्या कामासाठी मागतेय."

देवाच्या कामासाठी. आमच्यात एवढं म्हटलं की समोरचा अडकतो. नाही कसं म्हणणार? देवालाच नाही म्हटल्यासारखं होतं. मला हे माहीत होतं. माहीत होतं, म्हणूनच म्हटलं.

ती म्हणाली, "मग घे की. मला एकटीला एवढा हॉल काय नाचायला हवाय?"

तिला दमा आहे गं. वारा तिला हवा होता.

घर माझ्या नावावर झालं. पांढऱ्या लाद्या, नवा सोफा. आणि मीटिंग? आधी म्हटलं, सामान लागू दे. मग पडदे येऊ देत. मग ह्यांचं आजारपण. खरं सांगू? त्या लाद्यांवर मला इतकी पावलं नको होती. शलमोन राजानं देवाच्या घरापेक्षा स्वतःच्या घराला जास्त वर्षं लावली, पण देवाचं बांधलं तरी. मी तर — जाऊ दे. शुक्रवारची प्रार्थना खाली पार्किंगमध्ये होते, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. मार्थाबाई तिथे इनहेलर घेऊन बसते. अजून विचारते, "सुशीला, पडदे आले का गं तुझे?" त्यात टोमणा नसतो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

परवाच्या रविवारी उपदेश शौलावरच. मार्थाबाईनं मला कोपरानं ढोसलं, "तुझा राजा आला बघ." असा संताप आला मला. कुणाचा? तिचा तर नाही.

वाटलं, घालावी एकदा मीटिंग आणि सुटावं. पण मग ती माझ्याच सोफ्यावर बसून मोठ्यानं प्रार्थना करील — प्रभू, सुशीलानं शब्द पाळला म्हणून तुझे उपकार. आणि मी आमेन म्हणू? हे तर आधीच्याहून वाईट. आधी तिला सांगायला हवं. नाही सांगितलेलं. रोज समोर तिचं दार दिसतं, आणि रोज मी माझं दार लावून घेते.

तू ये लवकर. पण लिफ्टमधून उतरलीस की उजवीकडे वळू नकोस, ते माझं दार. डावीकडचं वाजव, मार्थाबाईचं — तू सोबत असलीस तर सांगेन मी तिला. उघडायला वेळ लागतो तिला, धाप लागते. थांब जरा.